पाडवा ते पाडवा, लागेल तेवढंच

मागच्या वर्षी पाडव्याला, म्हणजे ३० मार्च २०२५ ला, आम्ही घरात ठरवलं की पुढच्या पाडव्यापर्यंत ज्याच्यावाचून अडत नाही ते विकत घ्यायचं नाही. यंदा १९ मार्चला वर्ष झालं. मधल्या काळात मैत्रिणी, नणंद, ऑफिसमधले लोक सगळे विचारत होते की नक्की करता काय, जमतं कसं, मुलगा ऐकतो का, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

घरात आम्ही चौघं. मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. नाशिकला राहतो, दोघंही नोकरी करतो, आणि डोक्यावर फ्लॅटचं कर्ज. हे सगळं सुरू झालं ते त्या कर्जामुळेच. नवऱ्याने एका रविवारी बसून हप्त्याचं गणित मांडलं, ते इथे देते कारण ते कळल्याशिवाय बाकीचं कशाला केलं ते कळणार नाही. समजा ३० लाखांचं कर्ज आहे, ८.५ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी. हप्ता येतो साधारण २६,०३५. त्यातले पहिल्या महिन्यात २१,२५० नुसते व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं फक्त ४,७८५ रुपयांचं! आता याच कर्जात अगदी सुरुवातीला १ लाख जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला तर शेवटचे जवळपास १९ हप्ते कमी होतात, म्हणजे पाच लाखांच्या आसपासचे हप्ते वाचतात, भरलेला लाख वजा केला तरी चार लाख. आणि फ्लोटिंग रेटचं, म्हणजे व्याजदर बदलत राहणारं, घरकर्ज असेल तर असे मधेच पैसे भरल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही, रिझर्व्ह बँकेचा २०१२ पासूनचा नियम आहे. फक्त भरताना अर्जावर स्पष्ट लिहायचं की हप्ता तेवढाच ठेवा, मुदत कमी करा. हे आकडे पाहिल्यावर मला दीड हजाराच्या कुर्त्याची किंमत दीड हजार वाटेनाशी झाली.

मग बसलो चौघं, काय लागतं आणि काय नाही ते ठरवायला. किराणा, दूध, भाजी, शाळा, औषधं, विमा, पेट्रोल, लाईटबिल, यावर वाद नव्हताच. वाद झाला तो चहा-नाश्त्याला बाहेर जाण्यावरून, मुलाच्या क्रिकेट कोचिंगवरून आणि सासूबाईंच्या फुलपुडीवरून. नवऱ्याचं म्हणणं होतं की रोजचा फुलांचा हार काही गरजेचा नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण त्यांचा चेहरा मी पाहिला आणि म्हटलं फुलपुडी राहणार. कोचिंगही राहिलं. बाहेरचं खाणं गेलं, ऑनलाइन कपडे गेले, शोभेच्या वस्तू गेल्या, नवा फोन गेला (जुन्याच फोनची बॅटरी बदलून घेतली, मस्त चालतोय), ओटीटी एकच ठेवलं. माझं स्पष्ट मत झालंय की ही यादी नेटवरून उचलायची नाही, घरात बसून करायची, आणि ज्याची वस्तू आहे त्याला आधी बोलू द्यायचं. एकट्याने लादलेली काटकसर दोन महिने पण टिकत नाही.

आता फोनबद्दल जरा सविस्तर, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथूनच जात होते. दहा मिनिटांत सामान देणारी ॲप्स तुम्हीही वापरत असाल. हवी असते कोथिंबीर आणि ब्रेड, बिल होतं शंभरच्या आत, मग खाली हिरवी पट्टी येते की अजून साठ रुपयांचं घ्या, डिलिव्हरी फ्री. मग वेफर्स येतात. तोपर्यंत हँडलिंग चार्ज लागलेला असतो. कपड्यांच्या साइटवर 'फक्त २ शिल्लक' आणि बाजूला उलटं पळणारं घड्याळ. या प्रकारांना डार्क पॅटर्न म्हणतात आणि केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला त्यावर रीतसर मार्गदर्शक नियम काढलेत, त्यात असे १३ प्रकार नावानिशी दिलेत, खोटी घाई करवणं, न विचारता कार्टमध्ये काहीतरी टाकणं, सबस्क्रिप्शन बंद करायची वाट लपवून ठेवणं असे सगळे. मी ते मुलाला वाचून दाखवले आणि पुढे कितीतरी दिवस तो प्रत्येक ॲपमध्ये ते शोधत बसायचा, आई हा बघ यातला चौथा प्रकार! त्याला पैशाचं शिक्षण जे काही मिळालं ते बरंचसं यातूनच, आणि मला त्याचं फार समाधान आहे.

आणखी एक काम आम्ही पहिल्याच आठवड्यात केलं ते म्हणजे आपोआप कापले जाणारे पैसे शोधणं. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे म्हणून एक जागा असते, तिथे सगळे चालू मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायला आपण दिलेल्या परवानग्या, दिसतात, तिथूनच बंदही करता येतात. कार्डावरून कापलं जात असेल तर बँकेने २४ तास आधी कळवायचं असतं, पण १५,००० पर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळे तो मेसेज वाचला नाही की गेले पैसे. एकदा नीट बसून हे बघाच.

मग हवं वाटलं तर करायचं काय? आमच्याकडे दुधाचा हिशोब अजून कॅलेंडरवरच असतो, रोजच्या चौकोनात दीड, दोन असं लिहिलेलं. ज्याला जे हवंसं वाटेल त्याने त्याच चौकोनात दुधाच्या आकड्याखाली पेन्सिलीने लिहायचं. बास. महिना संपला, पान उलटायच्या आधी दुधवाल्याचे पैसे काढताना ते सगळं वाचायचं. पंधरा तारखेला जीव जडलेला एअर फ्रायर तीस तारखेला कोणालाच नको असायचा. पण मुलाचे बूट तीन पानांवर आले, म्हणजे ते खरंच लागत होते, घेतले.

एप्रिल-मे मध्ये गहू भरले. आधी आम्ही पाच-दहा किलोची पिठाची पिशवी आणायचो. सासूबाई म्हणाल्या वर्षाचे भरू या, मी करते. मग लोकवन आणला, दोन क्विंटलच्या आतच लागतो आम्हाला. गच्चीवर जुन्या साड्या अंथरून दोन-तीन उन्हं दाखवली, चाळला, निवडला, आणि मग सासूबाईंनी परातीत थोडा थोडा घेऊन तळहाताला एरंडेल लावून तो चोळला. मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. तेल इतकं कमी की दाणा ओला दिसत नाही, फक्त जरा चमकतो, आणि हात असा फिरवायचा की तळाचा दाणा वर आला पाहिजे. मग कोठीत थर आणि मधे मधे वाळलेला कडुनिंबाचा पाला. पावसाळाभर एक किडा नाही. तूरडाळ, काळा मसाला, कुरडया सगळं त्याच महिन्यात. त्या महिन्यात खर्च वाढला हे खरंय, पण नंतर वर्षभर दुकानात जाण्याचं कारणच कमी झालं, आणि दुकानात गेलं की यादीबाहेरच्या चार गोष्टी येतातच. भाजी बुधवारी गोदाघाटाच्या बाजारातून. तिथे मी घासाघीस करत नाही, त्याबद्दल पुढे लिहिते.

दुरुस्तीचा अनुभव फार चांगला. मिक्सरला जळका वास यायला लागला, ठिणग्या दिसायच्या, सगळे म्हणाले नवा घ्या आता. रविवार कारंजाकडे एका दुकानात नेला. काकांनी उलटा करून चार स्क्रू काढले आणि मोटरला वीज पोचवणारे दोन कार्बन काढून दाखवले, नखाएवढे झिजलेले. नवे टाकले, भांड्याचं बुश बदललं, तेवढ्या वेळात माझा चहा पण झाला नव्हता. त्यांचं म्हणणं की लोक आता आणतच नाहीत, पोरांना हे काम शिकवून करू काय. सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअर नावाचं पोर्टल सुरू केलंय, त्यावर कंपन्यांनी दुरुस्तीची, सुट्या भागांची माहिती द्यायची अशी कल्पना आहे, चांगलीच आहे, पण असे काका टिकले नाहीत तर ते सुटे भाग बसवणार कोण? बॅगेची चेन, छत्रीची काडी, कुकरचं हँडल, सगळं करून देणारी माणसं आपल्याच गावात आहेत हो. शोधा त्यांना.

सगळ्यात अवघड काय गेलं सांगू का? आहेर. खाणं-कपडे सोडणं हे आपल्या हातातलं आहे, पण लग्नसराईत चार पत्रिका आल्या की तिथे आपला संकल्प कोणाला सांगणार! पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असतं आणि तरी जवळच्या नात्यात रिकाम्या हाताने जाता येत नाही. आणि देण्याघेण्याच्या साड्या तर तुम्हाला माहितीच आहेत, फॉल-पिको न झालेल्या, या कपाटातून त्या कपाटात फिरणाऱ्या, कोणीच न नेसणाऱ्या. मी सरळ चुलत बहिणीला फोन केला की बाई गं, साडी देणार नाही, घेणारही नाही, तुझ्या मुलीला पाकिटात पैसे देते, तिच्या संसाराला लागेल ते ती घेईल. ती गप्प झाली आणि मग म्हणाली तू बोललीस ते बरं झालं, माझ्याकडे पण चौदा पडल्यात. त्यानंतर आमच्या चुलत-मावस बहिणींत साड्यांची देवाणघेवाण बंद झाली ती झालीच. काही जणींना राग आला, एका काकूंचा अजून आहे. तेवढं सोसलं.

संक्रांतीला वाण द्यायचं होतं. प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या, चमचे यांनी सगळ्यांची घरं भरलेलीच आहेत. सासूबाई म्हणाल्या आमच्या वेळी सुगडात ऊस, बोरं, हरभरा, गाजर, ओंब्या घालून द्यायचे, वाण म्हणजे शेतातलं नवं आलेलं. मग आम्ही प्रत्येकीला कागदी पुडीत गूळ आणि निवडलेले मूग दिले. बायकांनी विचारून विचारून नेले. हळदीकुंकू बंद करणं मला पटलंच नसतं. चार घरच्या बायका वर्षातून एकदा निवांत बसतात, त्याला मी अनावश्यक कशी म्हणू?

आणि काय कमी केलं नाही तेही सांगते, कारण यावर मी ठाम आहे. घरी कामाला येणाऱ्या मावशींचा पगार, त्यांचा दिवाळीचा बोनस, त्यांच्या सुट्ट्या, याला हात लावला नाही. भाजीवालीकडे पाच रुपयांसाठी भांडले नाही. आपल्याला वाचवायचंय म्हणून दुसऱ्याच्या पोटाला चिमटा काढायचा ही काटकसर नाहीच. आमचं हे वर्ष आमच्या मर्जीचं होतं, मावशींचं प्रत्येक वर्ष असंच असतं आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं. विमाही कमी केला नाही, उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, तेव्हा सासूबाईंची पॉलिसी वाढवून घेतली. दातांचं काम पुढे ढकललं नाही. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागलो, किमतीत फरक बराच पडतो.

मुलाला पुस्तकं हवी असतात, त्याला सार्वजनिक वाचनालयाचं सभासद केलं. १८४० सालची संस्था आहे ही आणि मी इतकी वर्षं नाशिकमध्ये राहून तिथे लग्नाआधी गेले तेवढीच. आता शनिवारी आम्ही दोघं जातो, तो बाल विभागात, मी वर्तमानपत्रांपाशी.

कर्जाचं काय झालं? वाचलेली रक्कम आम्ही दर तिमाहीला मुद्दलात भरली. त्यात २०२५ मध्ये रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ६.५० टक्क्यांवरून वर्षअखेरीला ५.२५ पर्यंत खाली आला, आमचं कर्ज रेपोशी जोडलेलं आहे, हप्ता तोच राहू दिला. नव्या स्टेटमेंटमध्ये शेवटच्या हप्त्याची तारीख मुलगा कॉलेजात असतानाची दिसतेय, आधी ती त्याच्या नोकरीच्या वयाची होती. नवऱ्याने ती ओळ सासूबाईंना वाचून दाखवली.

पुढे हे असंच पूर्ण चालू ठेवणार नाही. महिन्यातून एकदा बाहेर जेवायला जायचं ठरलंय, मिसळच खायची असा मुलाचा हट्ट आहे. कॅलेंडरवरची पेन्सिल आणि मे महिन्यातले गहू मात्र राहणार. आणि एक नवा खर्च घातलाय. सासूबाई बऱ्याच वर्षांत माहेरी साक्रीला गेल्या नाहीत, गाडी करून जाऊ म्हटलं तर त्या म्हणाल्या एसटीनेच जायचं, आपल्या दोघींना अर्धं तिकीट आहे, उरलेल्या पैशांत भावाच्या नातवंडांना काहीतरी नेऊ. सुट्ट्या लागल्या की निघतोय.