दुसऱ्याच्या तोंडातला पाइप

तंबाखू ओढायचे जुने पाइप जमवतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कुणीतरी वर्षानुवर्षं तोंडात धरलेली वस्तू, किळस नाही येत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, येते. हातात आलेला पाइप पहिल्या दिवशी बहुधा ओंगळच असतो. स्टेम, म्हणजे तोंडात धरायची नळी, हिरवट-तपकिरी पडलेलं, त्यावर दातांचे खड्डे, तंबाखू भरायच्या वाटीच्या काठावर चिकट डांबर आणि आत इतकी काजळी की करंगळीही शिरू नये. वासाचं तर विचारूच नका.

पण आतलं लाकूड चिवट असतं. बहुतेक पाइप ब्रायरचे, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी धरणाऱ्या गाठीचे. ती गाठ तासन्‌तास उकळतात, मग सावकाश वाळवतात आणि त्यानंतर तिच्यातून पाइप कोरतात. फ्रान्समधल्या सँ-क्लोदमध्ये हा धंदा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला. हे लाकूड आचेला सहजासहजी दाद देत नाही, म्हणून बाहेरून कामातून गेलेला दिसणारा पाइपही आतून पुष्कळदा धड निघतो.

सुरुवात काजळीपासून. रीमर, म्हणजे वाटीत फिरवायचं पातं, फिरवून ती खरवडायची, पण सगळी नाही. मिलिमीटरभर थर ठेवायचा, तो लाकडाला जळण्यापासून राखतो. थर फार जाड झाला तर मात्र तोच वैरी. तापल्यावर तो आणि लाकूड सारखे फुगत नाहीत, आणि वाटीला तडा जातो. मग वाटीत कापूस कोंबून त्यावर अल्कोहोल सोडतो आणि रात्रभर ठेवतो. सकाळी कापूस गर्द तपकिरी. बरेच जण कापसाऐवजी मीठ वापरतात. मी वापरत नाही, कारण ते दांडीत, म्हणजे वाटी आणि स्टेम यांमधल्या लाकडी नळीत, उतरून लाकूड चिरेल ही धाकधूक कोण बाळगणार? दांडीत अल्कोहोलमध्ये बुडवलेले पाइप क्लीनर, एकामागून एक, शेवटचा पांढरा निघेपर्यंत.

स्टेमला वेळ जास्त लागतो. जुनं स्टेम बहुधा व्हल्कनाइटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं. उजेड आणि हवा लागून त्याचा पृष्ठभाग हिरवा पडतो, आणि पॉलिश पेपर लावला की गंधकाचा वास खोलीभर होतो. पाण्यात बुडवून घासायचं, दाणा बारीक करत करत १२००० नंबरच्या मायक्रोमेशपर्यंत, म्हणजे अगदी बारीक दाण्याच्या घासणीपर्यंत, जायचं. खड्ड्यांवर एक छान इलाज आहे. लायटरची ज्योत जरा लांबून, हात न थांबवता फिरवायची; रबराला आपला मूळ आकार आठवल्यागत खड्डा डोळ्यांदेखत वर येतो. सगळे येत नाहीत, खोल चावे तसेच राहतात.

इथवर आलं की किळस संपलेली असते आणि पाइपाचा आधीचा मालक दिसायला लागतो. काठ एकाच बाजूला जळलेला, कारण काडी धरायचा हात ठरलेला. चावे डाव्या कडेला खोल, म्हणजे हात कामात गुंतवून पाइप दातांत तिकडेच धरणारा गडी. हे सगळं घासून काढता येतं. मी काढत नाही, आणि इथे माझं चकचकीतवाल्यांशी जमत नाही. जळका काठ गेला पाहिजे म्हणून ते वाटीच बुटकी करतात. बफिंगच्या चाकाखाली दांडीवरचा शिक्का पुसट झाला तरी त्यांना सोयरसुतक नसतं. अहो, पाइपाचं वय सांगणारा तोच तर एक साक्षीदार! पीटरसन कंपनीच्या पाइपावर ‘आयरिश फ्री स्टेट’ असेल तर तो १९२२ ते १९३७ या काळाकडे बोट दाखवतो, कारण त्या नावाचं राज्य तेवढंच टिकलं. डनहिल कंपनीच्या बऱ्याच पाइपांवर देशाच्या नावामागचा बारीक आकडा वर्ष सांगतो. चांदीच्या कड्यावर नांगर दिसला तर चांदी बर्मिंगहॅमला तपासलेली, आणि शेजारचं अक्षर वर्षाचं. म्हणून शिक्क्यावर बोट ठेवूनच मी भोवतीचं लाकूड पुसतो आणि कार्नोबा मेणाचा हात तिथे अगदी हलका देतो.

ठेवायचं म्हणाल तर उजेडापासून लांब, कोरड्या जागी, आणि अल्कोहोल पुरतं उडून गेल्यावरच. ओल राहिली की आत बुरशी. स्टेमला तेलाचा पुसट हात. मीरशमचे पाइप मऊ दगडाचे, त्यांना आपापली पेटी हवी.

मी स्वतः ओढत नाही. त्यावर चलाख माणूस लगेच पकडतो: मग आतली मिलिमीटरभर काजळी कुणासाठी राखता? पुढच्यासाठी. माझ्याकडून तो पाइप कधीतरी दुसऱ्याकडे जाणार, आणि तो ओढणारा निघाला तर कोऱ्या लाकडावर थर बसेपर्यंत त्याला जपून, हळू ओढावं लागेल. ती खटपट आधीच्या मालकाने एकदा करून ठेवली आहे.