बटण गळ्यातच होतं

मी घरात एकटी पडले तेव्हा गळ्यातलं मदतीचं बटण का दाबलं नाही, ते तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इथे ग्वाल्हेरला फालका बाजारातल्या राममंदिरात भजनाला येणाऱ्या बायकांनी विचारलं, बँकेतल्या मुलीने विचारलं, विहीणबाईंनी पुण्याहून मुद्दाम फोन करून विचारलं: "बटण गळ्यात होतं ना? मग दाबलं का नाही?" काहीजणी तर अंगठ्याने हवेत दाबून दाखवतात. बायांनो, मी उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला आहे. लाल बटण कसं दाबतात ते मला कळतं.

सहसा मी "विसरले" असं सांगते. म्हातारी विसरली म्हटलं की सगळ्यांचं समाधान होतं आणि चहा येतो. पण ते खोटं आहे. मी एक क्षणही विसरले नव्हते. ते माझ्या छातीवर होतं आणि थंडगार लागत होतं.

आधी त्या यंत्राबद्दल. आत हालचाल ओळखणारी एक चकती असते. माणूस एकदम खाली गेला, जोरात आदळला आणि मग निपचित राहिला, हे एकापाठोपाठ घडलं की त्याला कळतं कुणीतरी पडलं. मग दिवाणखान्यातल्या डबीतून यादीतल्या नंबरांना एकेक करून फोन जातो. त्याला कळलं नाही तर बटण आपण दाबायचं. थोरल्याने आणून दिलं तेव्हा मी काही नाक मुरडलं नव्हतं. घालत होते. फक्त अंघोळीला काढायची, कारण ओली दोरी मानेला चावते. अशीच एकदा न्हाणीतल्या खुंटीवर अडकवलेली होती, ती निसटून फरशीवर आपटली. पडलं ते, मी नव्हे. मी पाणी घेत होते. पुण्यात फोन वाजला, थोरल्याने शेजारच्या भाईसाबांना कळवलं, आणि आमच्या लश्कर भागात गच्च्या एकमेकींना लागून असल्यामुळे भाईसाब आणि त्यांचे दोन तरणे पुतणे गच्चीवरून थेट घरातल्या चौकात उतरले. मी पंचा गुंडाळून दारात. "अम्मा, ठीक तो हो?" असं विचारताना तिघेही भिंतीकडे बघत होते. सज्जन माणसं. पण त्यानंतर भाईसाब कित्येक दिवस माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघायचे, आणि मी पण.

आता ती पहाट. जानेवारी होता. ग्वाल्हेरचा जानेवारी ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. पारा चार-पाच अंशांवर, चौकात धुकं, आणि दगडी फरशी पायमोज्यातून वर चढते. लघवीला उठले. बिछान्यातून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, ती रोजचीच होती. जरा थांबलं की जायची. त्या दिवशी थांबले नाही. ओसरीच्या खांबापाशी पोचले आणि पाय कुठे गेले कळलं नाही. मी खांबाला मिठी मारली आणि तशीच घसरत, अगदी सावकाश, खाली बसले आणि मग कलंडले. आवाजसुद्धा झाला नाही. म्हणून यंत्राला काही कळलं नाही. खुंटीवरून पडल्यावर ओरडलं होतं, माझ्याबरोबर पडल्यावर गप्प.

डाव्या खुब्यात अशी कळ आली की तोंडातून आवाज फुटेना. पाय हलवून बघितला. तो माझं ऐकत नव्हता. आणि परकर भिजला होता. हे लिहायचं की नाही यावर मी बराच विचार केला, पण हे वगळलं तर बाकीच्याला अर्थ नाही.

हात बटणावर गेला होता. गेला होता, हे नीट वाचा. आणि तिथेच थांबला. यादीत पहिलं नाव थोरल्याचं. दिवाळीत तो झोपाळ्यावर बसून म्हणाला होता, "आई, आता एकदा जरी पडलीस ना, तर हे घर काढायचं." रागाने नाही, प्रेमाने म्हणाला, म्हणून जास्त घाबरले. त्याआधीच कुणी दलाल येऊन चौक मोजून गेला होता. बटण दाबलं की पुण्यात फोन वाजणार, आणि फोन वाजला की घर गेलं. हे एक. दुसरं, दाराला आतून आगळ, म्हणजे भाईसाब आणि पुतणे पुन्हा गच्चीवरून. मी अशी, ओली.

मग मी ठरवलं की आधी कपडे बदलायचे, मग बघू. दोरीवर वाळत घातलेला परकर दिसत होता. कोपरावर जोर देऊन सरकले. किती वेळ ते मला माहीत नाही. उजाडलं एवढं खरं. परकर काही हाताला लागला नाही. दूधवाल्याने कडी वाजवली, थांबला, पुन्हा वाजवली. मी हाक मारू शकत होते. नाही मारली. त्याची सायकल गेल्याचा आवाज ऐकला आणि मला, सांगायला लाज वाटते, सुटल्यासारखं वाटलं.

कामवाली आली तेव्हा मात्र तिच्या नावाने ओरडले. टायफॉइडमध्ये तिनेच माझं अंग पुसलं होतं. तिच्यापुढे झाकायला काही उरलेलं नाही. ती गच्चीवरून एकटी उतरली, काही विचारलं नाही, कोरडा परकर नेसवला, अंगावर रजई टाकली आणि मगच भाईसाबांना हाक मारली. हा क्रम तिला कुणी शिकवला नव्हता.

खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यात पहिल्यांदा सलाइन लावलं आणि किडनीसाठी रक्त तपासलं. मी म्हटलं, मोडलाय पाय, किडनी कशाला? डॉक्टर म्हणाले, तासन् तास एकाच अंगावर दाबून पडलं की स्नायू मोडतात, त्यातून जे रक्तात उतरतं ते किडनीला बाधतं. शिवाय गारठा. पडण्यापेक्षा पडून राहणं वाईट, असं त्यांचं म्हणणं. बरोबर आहे. आठवड्याभराने संक्रांत होती आणि कामवाली गावी जाणार होती. ती पहाट त्या दिवसांत आली असती तर तुम्ही हे मला विचारत नसता, माझ्या फोटोला हार घालून आपसात विचारत असता. हे मला कळत नाही असं समजू नका.

थोरला आकडे पाठवतो. जगात दरवर्षी 6,84,000 माणसं पडून मरतात, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज. त्यातली 80 टक्क्यांहून जास्त आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. बरं. मग माझी नात, जी डॉक्टरकी शिकते, तिने मला दुसरा आकडा दिला. इंग्लंडात केंब्रिजला नव्वदी उलटलेल्या लोकांचा अभ्यास झाला, 2008 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. ज्यांच्याकडे असं मदतीचं बटण होतं आणि जे एकटे असताना पडून उठू शकले नाहीत, त्यांतल्या 80 टक्के लोकांनी ते वापरलं नाही. काहींनी जाणूनबुजून. तिथे गच्चीवरून पुतणे उतरत नसतील, तरीही. सगळेच विसरभोळे म्हणायचे का?

दाबलं असतं तरी गेलं असतं की नाही कोण जाणे, असंही मी एक-दोघींना सांगितलं आहे. आमच्या दगडी भिंती हात-दीड हात जाड, इथे मोबाइलचीच रेंज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात नाही. पण खरं बोलायचं तर हे कारण मला दवाखान्यात सुचलं. आणि न्हाणीतून ते एकदा गेलं होतंच.

सासूबाईंची गोष्ट माझ्या मुलांना आठवत नाही, मला आठवते. त्या माजघरात पडल्या आणि आम्ही सत्यनारायणाहून परत येईपर्यंत तशाच होत्या. मी तेव्हा चाळिशीची, कमरेला पदर खोचलेली. "हाक का नाही मारलीत?" म्हणून मी त्यांना चांगलंच झापलं आणि पलंगाला देवघरातली पितळी घंटा बांधली. ती घंटा त्यांनी मरेपर्यंत वाजवली नाही. मी त्यांना हट्टी म्हणत असे. आता लोकांना वाटतं, मला त्यांचं दुःख उमगलं असेल. मला अजूनही वाटतं की त्या हट्टी होत्या. घरात माणसं होती, घर विकायचं कुणी म्हणत नव्हतं. त्यांनी वाजवायला हवी होती.

तुम्ही कुणी हे विचारत नाही की मी पडले का. ते फक्त अस्थितज्ज्ञांच्या हाताखालच्या एका मुलीने विचारलं. तिने आडवं असताना रक्तदाब मोजला, मग उभं करून तीन मिनिटांत पुन्हा मोजला; वरचा आकडा वीसपेक्षा जास्त उतरला. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या बदलल्या, अंधारी बरीच कमी झाली. व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या, त्यांनी पाय सुधारल्यावर जमिनीवरून उठायचं कसं ते शिकवलं: आधी कुशीवर, मग हातागुडघ्यांवर, मग रांगत भक्कम खुर्चीपर्यंत, चांगला पाय पुढे, आणि जोर हातांवर. इतकी वर्षं सगळ्यांनी मला पडू नका सांगितलं, उठायचं कसं ते कुणी दाखवलं नव्हतं. न्हाणीत धरायला दांडी हवी, हे मी थोरल्याला दोन दिवाळ्यांपासून सांगते. ती त्या यंत्राच्या मानाने फुकट आहे. त्याचं म्हणणं, घर ठेवायचं की नाही ते ठरू दे, मग भोकं पाडू.

सून राहून गेली, सोन्यासारखं केलं तिने. घर अजून आहे. दलालाचा फोन अधूनमधून येतो. आगळ काढून बाहेरून किल्लीने उघडणारं कुलूप बसवलं, एक किल्ली कामवालीकडे असते. बटण गळ्यात आहे, अंघोळीलासुद्धा.

"मग आता दाबाल ना?" हे पण विचारता. दिवाणखान्यात, दुपारी, उन्हाला पाय करून बसल्यावर मी काय वाट्टेल ते कबूल करीन. मी थोरल्याला एवढंच सांगितलं की यादीत पहिला नंबर कामवालीचा टाक, मग भाईसाबांच्या सुनेचा, तिसरा तुझा. तो दोन दिवस नीट बोलला नाही. मग म्हणाला, तो क्रम ॲपमधून बदलावा लागतो, आणि ॲप त्याच्या फोनवर आहे.