पुली फिरत होती, पाणी नव्हतं

मे महिना होता. सकाळी शटर वर करतोय तोवर साताऱ्यातल्या वाढे फाट्याजवळच्या आमच्या गॅरेजसमोर एक जुनी सहाटायरी ट्रक येऊन थांबली. खताची पोती भरलेली, कोरेगावला उतरवायची होती. मालक आणि ड्रायव्हर एकच, साठीच्या घरातले. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. खाली उतरताच म्हणाले, "मिस्त्री, रात खंबाटकी घाटात गेली. दोनदा उकळली. हेड उतरवाय लागंल म्हणत्यात."

वाटेतल्या एका गॅरेजात त्यांना हेडगॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेल्याचं सांगितलं होतं. खर्चाचा आकडा ऐकून मामांनी पाणी भरलं आणि हळूहळू गाडी इथवर आणली. आकडा मला अवाजवी वाटला नाही. हेड उतरवायचं, फेसिंग करायचं, म्हणजे घासून सपाट करायचं, तर तेवढे पैसे लागतातच. पण हेड खरंच गेलं होतं का?

"सपाटीला टेंपरेचरचा काटा कुठं असतो?" मी विचारलं.

"मधोमध. शिरवळपतुर काय नाय. घाट लागला की चढतोय."

तेव्हा पुण्याकडून येणाऱ्या गाडीला बोगदा नव्हता, घाटच चढावा लागायचा. भरल्या गाडीला खालचा गिअर, इंजिन ताणलेलं आणि वेग कमी, त्यामुळे समोरून वारा नाही. अशा वेळी सगळी भिस्त रेडिएटरमधून पाणी किती जोरात फिरतं यावर असते.

इंजिन थंड होऊ दिलं. ऑइलची पट्टी काढून पाहिली. दुधाळ साय नव्हती. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून स्टार्टर मारला. बुडबुडे नाहीत, धुरात पांढरी वाफ नाही. म्हणजे हेडगॅस्केट गेल्याची एकही खूण नव्हती. मग पाणी फिरवणाऱ्या पंपाकडे वळलो. पट्टा ताठ. पंख्याचं पातं धरून पुढे-मागे हलवलं, बेअरिंगमध्ये जराही खेळ नाही. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं, सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं. तेही कोरडं ठणठणीत.

"पंप चांगलाच हाय," मामा म्हणाले. "दिवाळीतच किट टाकलंय."

किट टाकलंय, हे शब्द माझ्या डोक्यात बसले. किट म्हणजे नवं बेअरिंग, नवं सील. इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, मात्र जुनाच.

या गाडीचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, कुणीतरी कधीच काढून टाकला होता. जुन्या गाड्यांना असं सर्रास करतात आणि मला ते अजिबात पटत नाही. त्या दिवशी मात्र त्याचा उपयोग झाला. व्हॉल्व्ह नसेल तर थंड इंजिनातही रेडिएटरच्या तोंडाशी पाणी पळताना दिसलं पाहिजे. टॉर्च धरून आत पाहिलं. पाणी जेमतेम हलत होतं. पोराला रेस द्यायला सांगितली. इंजिन गरजलं, पुली गरगरली, आतलं पाणी होतं तसंच. पंप धड असता तर रेस देताच पाण्याने तिथल्या तिथे उसळी घेतली असती.

पाणी सोडलं आणि पंप उतरवला. इम्पेलरची पाती कडेने खाल्लेली, उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी. इम्पेलर कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये धरला आणि पुली हाताने फिरवली. पुली फिरली, शाफ्ट फिरला, इम्पेलर जागचा हलला नाही. शाफ्टच्या कडेने तपकिरी भुकटी माझ्या अंगठ्यावर सांडली.

मामा वाकून बघत होते. त्यांनी स्वतः दोनदा पुली फिरवून पाहिली. बोलले काहीच नाहीत.

या पंपात इम्पेलर शाफ्टवर नुसता दाबून बसवलेला असतो. दिवाळीत तो ओढून काढला आणि तोच परत ठोकला; भोक ढिलं झालं. कमी फेऱ्यांना थोडी पकड राहायची, जोर आला की घसरायचा. सील आणि बेअरिंग नवं, म्हणून गळती नाही की आवाज नाही. त्यात वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेलं, आत गंज आणि क्षाराचा थर. शिवाय सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे. उघडं पाणी इथे ९८ अंशांच्या आतच उकळतं. झाकणाने दाब धरला तरच ते त्याच्या पुढे टिकतं. म्हणून झाकणाचं रबरही तपासलं. ते चिरलं होतं.

किट न टाकता अख्खा नवा पंप आणला. गॅस्केटची जागा खरवडून साफ केली, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. झाकण बदललं, रेडिएटर गढूळ पाणी यायचं थांबेपर्यंत धुतला. थर्मोस्टॅट बसवला, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घातलं. पट्टा अंगठ्याने दाबून अर्धा इंच लवेल इतकाच ताणला. मग झाकण उघडं ठेवून हवा निघेपर्यंत इंजिन चालवलं.

पुढच्या आठवड्यात रात्री अकराला फोन आला. मामा भरली गाडी घेऊन घाटमाथ्यावर चहाला थांबले होते.

"पाणी किती घातलं?" मी विचारलं.

"थेंबबी नाय, मिस्त्री."