लंगडी पिल्लं आणि कॅल्शियमचा डबा

मांसासाठी वाढवतात त्या ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडमध्ये तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फेरी मारताना दोन-चार पक्षी पाय पसरून बसलेले दिसले, हाकललं तरी उठेनात, की आमच्याकडं पहिला सल्ला ठरलेला. पाण्यात कॅल्शियम सोड. मेडिकलवाला तेच सांगणार, शेजारचा पोल्ट्रीवाला तेच, आणि व्हॉट्सअप ग्रुपचं तर विचारूच नका. माझं म्हणणं एवढंच की आधी एक पक्षी कापून हाड बघा, डबा नंतर उघडा.

बघायचं सोपं आहे. नडगीचं हाड मांस सोलून मोकळं करायचं आणि दोन्ही हातांनी वाकवायचं. चांगलं हाड कटकन मोडतं, आवाज येतो. मुडदूस असेल तर रबरासारखं वाकतं, चोच पण मऊ लागते. तिथं डी३ जीवनसत्त्व, फॉस्फरस, कॅल्शियम यातलं काहीतरी बिघडलंय हे खरं, पण नुसतं कॅल्शियम ओतत गेलं तर फॉस्फरस अंगी लागत नाही आणि पाय अजून बिघडू शकतात. खाद्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचं साधारण दोनास एक असं प्रमाण लागतं. पावसाळ्यात मक्याला बुरशी असली तर तिच्या विषानं लिव्हर खराब होतं, डी३ नीट शोषलं जात नाही, मग वरून काहीही द्या.

हाड कटकन मोडलं तर खुब्यात बघा. मांडीच्या हाडाचं टोक पांढरं, गुळगुळीत निघायला पाहिजे. ते पिवळं-काळं पडून चुरा होत असेल तर आत स्टॅफिलोकोकस नाहीतर एन्टेरोकोकस हे जंतू शिरलेत, तिथं कॅल्शियमचा काय संबंध? बोटं आत वळली असतील तर बी२ जीवनसत्त्व कमी पडलंय, लवकर दिलं तर पिल्लू सुधारतं, उशीर झाला की नस कायमची गेली. सांधे सुजलेत तर डॉक्टरला बोलवा, रिओव्हायरस पण असू शकतो.

मूळ दुखणं मात्र वाढीचं आहे. चाळीस ग्रॅमचं पिल्लू सहा आठवड्यांच्या आत दोन किलोच्या वर जातं, छाती वाढते त्या वेगानं हाड भरत नाही. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ च्या जातीचे पक्षी एकाच खाद्यावर शेजारी वाढवले, ५६ दिवसांनी वजनं आली ९०५ ग्रॅम, १८०८ ग्रॅम आणि ४२०२ ग्रॅम. (इंजेक्शन मारून कोंबड्या फुगवतात म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी हेच सांगतो, खाद्य तेच होतं, फरक जातीचा.) त्या वाढीला हृदय-फुफ्फुसं पण पुरत नाहीत. थंडीत गारठ्याच्या भीतीनं रात्रभर पडदे गच्च बांधले की हवा कमी पडते आणि पोटात पाणी झालेले पक्षी निघायला लागतात, चांगला तगडा नर अचानक उताणा पडून मरतो तो प्रकारही याच घरातला.

म्हणून पहिला आठवडा झाला की मी रात्री चार-सहा तास लाईट बंद ठेवतो. सुपरवायझर कुरकुरतो, वजन मागं पडेल म्हणतो, थोडं पडतंही, पण पुढं भरून निघतं आणि पाय टिकतात. ब्रूडिंगला, म्हणजे सुरुवातीला पिल्लांना ऊब देतात तेव्हा, गुळगुळीत पेपर जास्त दिवस ठेवू नका, पिल्लांचे पाय घसरून फाकतात. आणि खाली अंथरलेलं तूस. पाणी प्यायचं निपल गळून खाली ओलं झालं की अमोनिया होतो, तळपायाला काळे व्रण पडतात, मग पक्षी दुखतंय म्हणून बसतो आणि बसला की छाती-सांधे पण भाजतात. तूस उलटंपालटं करायचा कंटाळा आला तर पोल्ट्री करू नये, स्पष्ट बोलतो.

जो पार बसलाय त्याला ठेवायचा नाही. इंग्लंडात ब्रिस्टलला संशोधकांनी लंगड्या ब्रॉयलरसमोर दोन प्रकारचं खाद्य ठेवलं तर त्यांनी वेदनाशामक घातलेलं जास्त खाल्लं, म्हणजे दुखतं त्यांना. वर तो निपलपर्यंत पोचत नाही, बाकीचे तुडवतात. मर वाढलेली दिसेल म्हणून लोकं असले पक्षी रेटत नेतात, पण लिफ्टिंगला, म्हणजे माल उचलताना, व्यापारी त्याला हात लावत नाही, आणि तोवर त्यानं खाल्लेल्या खाद्याचा एफसीआर (किलोभर वजनाला किती खाद्य गेलं तो हिशोब) आपल्याच नावावर लागतो.