महिनाअखेर आणि चौघांच्या चार काटकसरी

सोमवार

तुरीच्या डाळीचा डबा हलवल्यावर वाजला की महिनाअखेर आली असं समजायचं. भरलेला डबा वाजत नाही. आज सकाळी तो वाजला आणि आईने आतल्या खोलीतून विचारलं, "संपली का रे?" एरवी दाराची बेल दोनदा वाजली तरी तिला ऐकू येत नाही.

सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. बायकोची ड्यूटी लवकर सुरू होते, लेक कॉलेजच्या नावाखाली शेवटच्या मिनिटापर्यंत झोपते आणि आईला आता ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही. ती खुर्ची टाकून स्वयंपाकघराच्या दारात बसते. म्हणजे करणारा एक आणि सांगणाऱ्या तीन, त्यातली एक कायम हजर.

उरलेल्या तुरीत मूठभर मूगडाळ आणि थोडी मसूर घालून वरण लावलं. मूग-मसूर लवकर शिजतात, तूर मागे राहते, म्हणून तूर आधी अर्धा तास भिजवून घेतली. चिंचेचा कोळ काढायला घेतला तर दारातून आवाज आला, "डाळ शिजल्याशिवाय आंबट घालू नकोस. आंबट पाहिलं की डाळ आखडते." शास्त्र वेगळ्या शब्दांत हेच म्हणतं. आंबटामुळे दाण्यातलं पेक्टिन विरघळायला वेळ लागतो आणि डाळ लवकर मऊ होत नाही. पण 'आखडते' ऐकलं की डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं, पेक्टिनने काहीच उभं राहत नाही.

संध्याकाळी बायकोने आल्या आल्या पहिला प्रश्न टाकला, "सकाळी किती शिट्ट्या झाल्या?" मी कशी आहेस, दमलीस का वगैरे विचारणार होतो, ते राहिलं. आमच्याकडे प्रत्येकाची काटकसर ठरलेली आहे आणि बायकोची आहे गॅसची. नवीन सिलिंडर लावला की कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करते. १४.२ किलो गॅस किती दिवस पुरला याचा तिच्याकडे मागच्या कित्येक महिन्यांचा हिशोब आहे. तिचं म्हणणं असं, की कुकर एकदा पूर्ण दाबाला आला की आतलं तापमान साधारण १२० अंशांवर जाऊन थांबतं. नंतर गॅस कितीही मोठा ठेवला तरी ते वाढत नाही, जास्तीची आच नुसती वाफ होऊन शिट्टीवाटे बाहेर पडते. "म्हणून पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा आणि घड्याळ बघायचं. शिट्ट्या कसल्या मोजतोस?"

बोलणं बिनतोड आहे. फक्त आईला ते पटत नाही, कारण शिट्ट्या तिला खोलीत बसून मोजता येतात, घड्याळ नाही.

लेकीने यात भर घातली. कुकरचा पूर्वज देनी पापँ नावाच्या एका फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला दाखवला होता म्हणे. कडक हाडं मऊ शिजावीत, त्यातलं सत्त्व वाया जाऊ नये आणि जळणही कमी लागावं, हा त्याचा हेतू. तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी कोणीतरी जळणाचा हिशोब करत बसला होता हे ऐकून बायकोचा चेहरा उजळला. आईने मात्र एवढंच विचारलं, "हाडं?" आणि आमच्या कुकरकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं.

मंगळवार

माझी काटकसर बाजारातली. भाजी घ्यायला मी दिवेलागणीनंतर जातो, भाजीवाले आवरायच्या बेतात असतात तेव्हा. दिवसभर वजनावर मिळणारी भाजी त्या वेळी वाट्यावर येते. टोमॅटोचा वाटा, वांग्यांचा वाटा, मिरच्यांचा वाटा. घासाघीस करावी लागत नाही, कारण भाजी परत घरी न्यायचा कंटाळा भाजीवालीलाच आलेला असतो. नुसतं तिच्यासमोर थोडा वेळ विचारात पडल्यासारखं उभं राहायचं.

आज टोमॅटोचा एक मोठा वाटा, फ्लॉवरचा एक गड्डा पाल्यासकट, एक दुधी आणि पालेदार मुळे आणले. घरी आल्यावर बायकोने टोमॅटो दाबून पाहिले. "हे उद्यापर्यंत टिकणार नाहीत. आजच शिजवायला हवेत."

"मग शिजवू की."

"म्हणजे भाजीत वाचवलेले गॅसमध्ये घालवायचे."

हा वाद जुना आहे आणि त्यात दोघांचंही बरोबर आहे. माझी बचत तिच्या खात्यातून जाते, तिची माझ्या. शेवटी मध्यम मार्ग निघाला. टोमॅटो नुसते बारीक चिरले, मीठ घातलं आणि झाकण ठेवून त्यांच्याच पाण्यात मऊ होऊ दिले. थंड झाल्यावर डब्यात भरून फ्रीजमध्ये. आता दोन-तीन दिवस सार, भाजी, रस्सा, काहीही करायचं तर निम्मं काम झालेलं आहे, आणि दर वेळी टोमॅटो शिजवायचा गॅसही वाचला. बायकोने हे मान्य केलं, पण तोंडाने नाही.

मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी केली. फ्लॉवरचे दांडे सोलून बारीक चिरले आणि कोवळा पाला त्यात घातला. गड्ड्याचं अर्धं वजन दांडे आणि पाला यांचंच असतं असं मला नेहमी वाटतं, आणि लोक ते सरळ कचऱ्यात टाकतात. आई म्हणाली, "बघ, शिकलास." मी बाजारातून काय आणलं यावर ती बोलत नाही. आणलेल्यातलं काय टाकलं, यावर बोलते.

बुधवार

सकाळी रात्रीच्या पोळ्या उरल्या होत्या. कुस्करून मोहरी, हिरवी मिरची, कांदा, कढीपत्ता, हळद, वरून शेंगदाण्याचं कूट आणि किंचित साखर. फोडणीच्या पोळीला ताजी पोळी चालत नाही, ती गोळा होते. कालचीच लागते, जरा कडक झालेली. मुद्दाम शिळं करून खावं असे पदार्थ जगात फार नसतील, त्यात आपला एक आहे.

भातही उरला होता, आणि त्यावरून आजी आणि नातीची जुंपली. रात्री जेवणं झाल्यावर भात ओट्यावरच राहिला होता, पातेल्यावर ताट ठेवून. लेक म्हणाली तो खायचा नाही. आई म्हणाली खायचा.

"आज्जी, भातात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू असतात. त्यांचे बीजाणू शिजवूनसुद्धा मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष परत गरम केल्यावरही जात नाही."

"आम्ही रात्रीच्या भातात ताक घालून सकाळी खाल्लेला आहे. मी मेले का?"

लेक विज्ञान शाखेची आहे, पण या प्रश्नाचं उत्तर अभ्यासक्रमात नाही.

आईची काटकसर अन्नाची, आणि ती कुठून आली ते मला माहीत आहे. १९७२ च्या दुष्काळात ती शाळेत होती. विहिरी आटल्या, गावातली अर्धी माणसं खडी फोडायच्या कामावर. रेशनवर मिलो मिळायची, बाहेरच्या देशातून आलेली लाल ज्वारी. तिच्या भाकरीला ना चव ना चिवटपणा, थापताना कडेने तडकायची. कामावर सुकडी वाटायचे आणि तिची आई स्वतःच्या वाट्याची पदराला बांधून घरी आणायची. आई हे सांगताना गहिवरत वगैरे नाही. मिलोची भाकरी किती वाईट होती हे सांगताना तिला उलट हसू येतं. पण ताटात घास उरलेला दिसला की तिचा आवाज बदलतो, आणि तो मिलोचा आवाज आहे हे आता लेकीलाही कळायला लागलंय.

तह असा झाला, की रात्रीची जेवणं उरकली की पहिल्या तासाभरात भात पसरट डब्यात घालून फ्रीजमध्ये जाईल आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच संपेल. टाकायचा नाही, हा आजीचा मुद्दा राहिला. बाहेर ठेवायचा नाही, हा नातीचा. आजचा भात मात्र गेला. कुठे गेला ते आईला सांगितलेलं नाही आणि तिने विचारलेलंही नाही, यावरून तिला माहीत आहे असं मी धरून चाललोय.

गुरुवार

पिठलं-भाकरी, कच्चा कांदा. लिहिण्यासारखं काही नाही, खाण्यासारखं होतं.

(एक राहिलं. बेसनात शंभर ग्रॅममागे वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. लेक जिमवाल्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून प्रोटीनची महागडी पावडर मागत होती. तिला पिठल्याची कढई दाखवली. तिने कढईचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवला. उत्तरात नुसती हसण्याची चित्रं आली, पण लेकीने दुसऱ्यांदा पिठलं वाढून घेतलं.)

शुक्रवार

आज दुधीचा दिवस. सालीची चटणी आणि आतल्या गराची चणाडाळ घालून भाजी, असा एकाच भाजीत दोन पदार्थांचा आईचा आवडता बेत. तिने स्वतः खुर्चीत बसून दुधी सोलला. साली वेगळ्या, तीळ काढून ठेवलेले, चणाडाळ सकाळपासून भिजत पडलेली.

चिरण्याआधी तिने नेहमीप्रमाणे एक बारीक फोड जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं आणि लगेच थुंकली. "कडू आहे. टाक."

मी बघतच राहिलो. हीच बाई कोथिंबिरीच्या देठांचं वाटण करते, दोडक्याच्या शिरांची चटणी करते, दुधाचं पातेलं विसळलेलं पाणी कणकेत घालते. मी म्हटलं, "मीठ लावून पिळून काढलं तर? किंवा जास्त शिजवला तर?"

"नाही. कडू दुधी घरात ठेवायचा नाही. साली पण टाक."

लेकीने लगेच शोधून वाचून दाखवलं. दुधी, काकडी, दोडका या कुळातल्या भाज्यांत कुकर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य कधीकधी खूप वाढतं. शिजवून ते जात नाही, आणि कडू दुधीचा रस प्यायल्याने आपल्या देशात माणसं दगावलेली आहेत. लेक वाचत होती तोवर आईने दुधी वर्तमानपत्रात गुंडाळूनही टाकला होता.

"आज्जी, तू तर काहीच टाकत नाहीस."

"अन्न टाकत नाही. हे अन्न कुठंय?"

भिजलेली चणाडाळ उरली. ती भरड वाटली, मिरची-आलं घातलं, फोडणीत परतली आणि कढईवर झाकण ठेवून वाफ आणली. वरून लिंबू आणि थोडी कोथिंबीर. वाटली डाळ एरवी आमच्याकडे सणासुदीलाच होते, त्यामुळे लेकीला वाटलं काहीतरी खास आहे. गॅसही फार जळला नाही. भिजलेली आणि भरडलेली डाळ झाकणाखाली मंद आचेवर बघता बघता शिजते. बायकोने जेवताना घड्याळाचा विषय काढला नाही. आमच्याकडे याला पसंती म्हणतात.

शनिवार

मटकीला मोड आले. परवा रात्री भिजवली होती, काल सकाळी उपसून फडक्यात बांधली. कोरडी मटकी वाटीभर होती, मोड आल्यावर तिने सगळं पातेलं अडवलं. महिनाअखेरीला यासारखी सोय नाही: डब्यात असते तेव्हा जागा अडवत नाही, पाण्यात टाकली की घरभर पुरते. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व नसल्यातच जमा असतं, मोड येताना ते तयार होतं, ही लेकीची माहिती. तिची काटकसर अशी फुकटच्या माहितीची. ती वाचवत काही नाही, पण जे वाचवलंय ते किती पौष्टिक आहे हे सांगून आम्हाला बरं वाटायला लावते. घरात असा एक माणूस लागतो.

उसळ केली, फ्रीजमधल्या टोमॅटोचा शेवटचा हप्ता तिच्यात गेला. टोमॅटो घातला तो मटकी शिजल्यावर. दारातून काही आवाज यायच्या आत मीच म्हटलं, "आखडते, माहितीय."

रविवार, एक तारीख

किराण्याची यादी. हा कार्यक्रम आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर सगळ्यांच्या उपस्थितीत होतो आणि संसदेपेक्षा जास्त वेळ चालतो.

गेल्या आठवडाभर जो तो आपापली काटकसर मिरवत होता. आज उधळपट्ट्या बाहेर आल्या. पातेलं विसळलेलं पाणी न टाकणाऱ्या आईला चहा मात्र भारीतलाच लागतो, सुटी पत्ती घरात आलेली खपत नाही. मिनिटाचा गॅस मोजणारी बायको घरी तूप कढवायला तयार नाही, विकतचं आणि ठरलेलंच हवं. लेकीने यादीत 'चीज' हा शब्द इतक्या बारीक अक्षरात लिहिला होता, की मला आधी तो 'जिरे' वाटला. आणि मी, वाट्यावरचे टोमॅटो आणणारा, कॉफीच्या बिया दळून आणतो. तिच्याबद्दल मी काही बोलणार नाही. ती गरज आहे.

बायकोने बेरीज केली आणि पेन्सिल खाली ठेवली. "यातलं एक तरी कमी करावं लागेल."

आईने चीजकडे बोट दाखवलं. लेकीने तुपाकडे. बायकोने चहाकडे बघितलं, मग आईकडे बघितलं आणि नजर पुन्हा यादीवर आणली.

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग तिघींनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

कॉफी तीन विरुद्ध एक मतांनी कापली गेली. आईने उदारपणे सांगितलं, "माझ्यातला चहा देईन तुला. अर्धा कप."