छेदातला आय

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आम्ही शाळेच्याच ज्युनिअर कॉलेजात अकरावी सायन्सला गेलो आणि सगळे विषय एकदम इंग्रजीत सुरू झाले. ‘कॉम्प्लेक्स नंबर्स’ हे नाव फळ्यावर पाहूनच माझ्या पोटात गोळा आला. उणे एकचं वर्गमूळ, आणि त्याला म्हणायचं ‘आय’? ऋण संख्येला वर्गमूळ नसतं असं भास्कराचार्यांनी ११५० साली लिहून ठेवलंय, हे सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं, तेव्हा जरा धीर आला.

भागाकाराच्या दिवशी सरांनी उदाहरण दिलं : (५ + २आय) ला (३ − ४आय) ने भागा. वर्ग गप्प. सरांनी मराठीतच विचारलं, “नववीत छेदात करणी आली की काय करायचात?” “परिमेयीकरण!” सगळे एका सुरात ओरडलो. म्हणजे छेदातलं वर्गमूळ घालवणं. “मग इथंही तेच. अनुबद्ध जोडी शोधा.”

अनुबद्ध जोडी म्हणजे मधलं चिन्ह उलटं केलेली संख्या. ती होती ३ + ४आय. अंशाला आणि छेदाला तिनेच गुणायचं. मी घाईघाईत छेद ९ − १६ म्हणजे −७ लिहिला. सर बाकाशी आले, त्या −७ वर बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाले, “आयचा वर्ग कुठे गेला?” आयचा वर्ग −१, म्हणून वजाचं अधिक होतं : ९ + १६ = २५. करणीत वर्गांची वजाबाकी व्हायची, इथे बेरीज होते. आणि दोन वर्गांची बेरीज, दोन्ही संख्या शून्य असल्याशिवाय, शून्य होत नाही. म्हणून ही रीत कधीच अडत नाही. हे सौंदर्य मला त्या बाकावर दिसलं.

अंशात १५ + २०आय + ६आय − ८, म्हणजे ७ + २६आय. सगळ्याखाली एकच २५ लिहून मी वही पुढे केली, तर सरांनी परत केली. ७/२५ + (२६/२५)आय असंच हवं. वास्तव भाग वेगळा, काल्पनिक भाग वेगळा. उत्तर तर तेच आहे, मग एवढा आग्रह का, हे तेव्हा कळलं नाही.

कळलं ते इलेक्ट्रिकलला गेल्यावर. एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या करंटच्या, सर्किटची गणितं या संख्यांनी सोडवायची पद्धत स्टाइनमेट्झ या विद्युत अभियंत्याने १८९३ साली मांडली. आमच्याकडे आयला ‘जे’ म्हणतात, कारण आय म्हणजे करंट. समजा कॉइलचा रोध ३० ओहम, रिअॅक्टन्स (एसी करंटला कॉइल करते तो वेगळा अडथळा, हा जे लावून लिहायचा) ४० ओहम आणि सप्लाय २३० व्होल्ट. करंट काढायला २३० ला (३० + ४०जे) ने भागायचं. पुन्हा अनुबद्ध जोडी, छेद २५००, उत्तर २.७६ − ३.६८जे. अॅमीटर ४.६ अँपिअर दाखवतो, पण काम करतो तो फक्त २.७६ चा भाग : ६३५ वॅट. उरलेला भाग केबल तापवतो, आणि तो कमी करायलाच कपॅसिटर बसवावा लागतो. दोन भाग वेगळे लिहिले नसते, तर हे दिसलंच नसतं.

मागच्या दिवाळीत सरांकडे गेलो तेव्हा हे गणित कागदावर मांडून दाखवलं. सरांनी चष्मा लावला, पेनाच्या टोकाने २५०० तपासला आणि मग विचारलं, “वजा का आलं रे?” करंट व्होल्टेजच्या मागे पडतो म्हणून, असं मी सांगत गेलो आणि सर मन लावून ऐकत राहिले.