इंग्रजी श्रवण-वाचन चाचणी: पेपर काढण्यापासून निकालापर्यंत माझा अनुभव

हायस्कूलच्या मुलांना इंग्रजी ऐकून किती समजतं आणि वाचून किती समजतं, हे वेगवेगळं मोजणारी चाचणी तयार करायचं काम आमच्या गटाकडे होतं. प्रश्न ४०, त्यातले २० श्रवणाचे, २० वाचनाचे. निबंध नाही, व्याकरण नाही, पाठ केलेलं काही नाही. काम सुरू झालं तेव्हापासून एक शंका सतत समोर होती: मुलाचं उत्तर चुकलं, तर ते इंग्रजी न कळल्यामुळेच चुकलं, हे कशावरून? ऐकलेलं लक्षात न राहिल्यामुळे चुकतं, स्पेलिंग न आल्यामुळे चुकतं, पर्याय वाचून होण्याआधी वेळ संपल्यामुळे चुकतं, मागच्या बाकापर्यंत आवाज न पोचल्यामुळेही चुकतं. पुढचं सगळं काम या वाटा एकेक करून बंद करण्याचं होतं.

आधी संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या प्रकारचे किती प्रश्न याचा आराखडा, केला. श्रवणात मध्यवर्ती मुद्द्याचे ४, नेमक्या तपशिलाचे ८, बोलणाऱ्याचा हेतू किंवा भावना ओळखण्याचे ४ आणि थेट न सांगितलेलं ताडण्याचे ४ प्रश्न. वाचनात झरझर नजर टाकून आशय पकडण्याचे ३, हवी ती माहिती शोधण्याचे ५, बारकाईने वाचण्याचे ६, अनुमानाचे ३ आणि संदर्भावरून शब्दाचा अर्थ लावण्याचे ३. तक्ता नसला की तपशिलाचेच प्रश्न जास्त निघतात, कारण तेच काढायला सर्वांत सोपे असतात. पातळीसाठी युरोप परिषदेची २००१ ची, भाषा किती येते हे पातळ्यांत मांडणारी भाषिक चौकट वापरली. त्यातल्या ए-२ (प्राथमिक) आणि बी-१ (त्याच्या वरची, मध्यम) या पातळ्यांच्या दरम्यान आमचे प्रश्न बसवले. बी-१ ला ओळखीच्या विषयावरचं, स्पष्ट आणि प्रमाण उच्चारातलं बोलणं असेल तर मुख्य मुद्दे कळावेत अशी अपेक्षा असते. सिनेमातला भरधाव संवाद त्यात बसत नाही.

श्रवणाची संहिता हा सर्वांत नाजूक भाग. पुस्तकातला उतारा कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवला की श्रवण झालं, हा समज सगळीकडे आहे आणि तो फार नुकसान करतो. लिहिलेल्या वाक्यांत माहिती दाटीवाटीने भरलेली असते, उपवाक्यांत उपवाक्यं असतात. माणूस बोलतो तेव्हा वाक्य अर्धवट सोडतो, तेच वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगतो, मध्ये ‘वेल’, ‘यू नो’ म्हणतो, ‘आय विल’चं ‘आयल’ करतो. म्हणून आम्ही पूर्ण संवाद लिहून न देता बोलणाऱ्यांना मुद्दे दिले आणि त्यांना आपल्या शब्दांत बोलायला लावलं. प्रश्नांची उत्तरं ज्या वाक्यांत आहेत, तेवढी वाक्यं मात्र पक्की ठरवलेली होती. बोलण्याचा वेग मिनिटाला १३० ते १४० शब्द ठेवला. याहून मुद्दाम हळू बोललं की शब्द तुटक येतात आणि खऱ्या इंग्रजीत एकमेकांत मिसळणारे आवाज ऐकूच येत नाहीत. सोपं करायचं असेल तर शब्द सोपे घ्यावेत, दोन वाक्यांमधली विश्रांती वाढवावी; शब्द ताणू नयेत. संवादात दोन आवाज एकमेकांपासून सहज ओळखू यायला हवेत. दोन मुली बोलत असतील तर कोण काय म्हणाली हे ओळखण्यातच मुलांचं लक्ष जातं.

आता एक प्रश्न जवळून पाहू. मुलगा सरावाला कसा जाणार, असा प्रश्न होता आणि पर्याय तीन: सायकल, गाडी, बस. पहिल्या मसुद्यात तो फक्त बसबद्दल बोलत होता. म्हणजे ‘बस’ एवढा एक शब्द कानावर पडला की गुण मिळाला. मग संहिता अशी झाली: “आय युज्वली सायकल टू प्रॅक्टिस, बट द टायर्स फ्लॅट. डॅड ऑफर्ड मी अ लिफ्ट, बट ही हॅज टू लीव्ह अर्ली, सो आयल जस्ट कॅच द बस.” आता तिन्ही पर्यायांचा उल्लेख येतो, दोन ‘बट’ आणि एक ‘सो’ कळल्याशिवाय उत्तर नक्की होत नाही, आणि ‘लिफ्ट’वरून गाडी हे स्वतःच जोडावं लागतं. यातही एक धोका उरतो. योग्य उत्तर नेहमी शेवटीच आलं, तर मुलं शेवटचा ऐकलेला शब्द निवडायला शिकतात. म्हणून इतर प्रश्नांत उत्तर आधी आणि नाकारलेले पर्याय नंतर आणले.

‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ची जोडी पेपर काढणाऱ्यांना फार आवडते. असा प्रश्न एखादा ठीक आहे. पण घुमणाऱ्या वर्गात आणि साध्या स्पीकरवर सर्वांत आधी व्यंजनंच पुसट होतात. ‘स’, ‘फ’, ‘थ’ आणि शेवटचा ‘न’ मागच्या बाकावर नीट पोचत नाहीत. असे पाच-सहा प्रश्न घातले तर मुलांच्या इंग्रजीऐवजी स्पीकरचीच परीक्षा होते.

बाकीचे नियम थोडक्यात. प्रश्नांचा क्रम ध्वनिफितीतल्या क्रमानेच. पहिल्या १० सेकंदांत कुठलंही उत्तर नको, कारण तेवढा वेळ कान आवाजाला सरावण्यात जातो. दोन उत्तरांमध्ये निदान १५ सेकंदांचं अंतर, नाहीतर पहिलं लिहीपर्यंत दुसरं निघून जातं. पर्याय तीनच, आणि प्रत्येक पाच शब्दांच्या आत. चौथा पर्याय बहुतेक वेळा भरतीचा असतो, तो कोणी निवडत नाही आणि वाचण्याचा वेळ मात्र खातो. कच्च्या गटासाठी श्रवणाचे प्रश्न मुलांच्या शिकण्याच्या भाषेत द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. मोजायचं आहे ते ऐकणं; इंग्रजी प्रश्न वाचता आला नाही म्हणून ऐकलेलं वाया जाऊ नये. रिकाम्या जागेत एकच शब्द किंवा आकडा मागावा, आणि शब्द ओळखू येत असेल तर स्पेलिंगसाठी गुण कापू नयेत. कोणकोणती रूपं चालतील, ती यादी तपासणीच्या आधीच उत्तरसूचीत लिहून ठेवावी. हा निर्णय तपासणाऱ्यावर सोडला की एकाच उत्तराला दोन टेबलांवर वेगवेगळे गुण पडतात.

ध्वनिफीत एकदा ऐकवायची की दोनदा, यावर बरीच चर्चा झाली. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत ती एकदाच वाजते, केंब्रिजच्या बी-१ प्रिलिमिनरी परीक्षेत प्रत्येक भाग दोनदा. आम्ही दोनदाच ठेवली. शाळेच्या वर्गात कोणीतरी खोकतं, बाक सरकतो, आणि त्या एका क्षणामुळे गुण जाणं बरोबर नाही.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. पडदे, गाद्या, कपडे असलेली लहान खोली, तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर माइक, पंखा बंद. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या भागांचा आवाज एका पातळीवर आणून घ्यावा, नाहीतर दुसरा संवाद सुरू झाला की पर्यवेक्षक उठून आवाज वाढवतो. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सूचना आणि विराम फाइलमध्येच भरावेत. आमच्या चार भागांपैकी प्रत्येकाला आधी प्रश्न वाचायला ३० सेकंद, दोन वादनांमध्ये ५ आणि शेवटी उत्तर नक्की करायला ३० सेकंद दिले. दीड ते दोन मिनिटांच्या चार ध्वनिफिती, सुरुवातीचा नमुना प्रश्न आणि शेवटी उत्तरं पाहायला दोन मिनिटं धरून सगळं साधारण २२ मिनिटांत बसतं. फाइल एकदा सुरू केली की थांबवायची नाही. विराम पर्यवेक्षकाच्या हातात दिले तर एका वर्गाला ३० सेकंद मिळतात आणि शेजारच्या वर्गाला ५०.

वाचनाकडे वळलो तेव्हा पहिला प्रश्न उताऱ्याच्या शब्दांचा होता. आधाराशिवाय नीट समजायचं असेल तर उताऱ्यातले सुमारे ९८ टक्के शब्द वाचणाऱ्याला माहीत असावे लागतात, असं शब्दसंग्रहावरचं संशोधन सांगतं. म्हणजे ३०० शब्दांच्या उताऱ्यात अनोळखी शब्द फार तर सहा. मुलांच्या पुस्तकांतली शब्दसूची समोर ठेवून, विशेषनामं वगळून, आम्ही प्रत्येक उताऱ्यातले शब्द तपासले. उतारा वाचायला किती सोपा हे आकड्यात सांगणारी फ्लेशसारखी सूत्रं वाक्याची लांबी आणि शब्दांतले उच्चारखंड (सिलेबल) मोजतात. त्यांचा अंदाजापुरता उपयोग होतो, पण ‘गिव्ह अप’, ‘पुट ऑफ’ अशी लहान शब्दांची अवघड जोडी त्यांना दिसत नाही.

उतारे चार घेतले: एक ईमेल, एक सूचना-वेळापत्रक, एक माहितीपर लेख, एक गोष्टीचा भाग. मिळून ९०० शब्द. मिनिटाला १०० शब्दांच्या वेगाने दोनदा वाचायला १८ मिनिटं, प्रत्येक प्रश्नाला एक मिनिट धरून २०, आणि थोडी मोकळीक, असा ४५ मिनिटांचा हिशोब झाला. वेळ याहून कमी केला की शेवटचा उतारा न वाचताच पर्यायांवर खुणा होतात.

वाचनाच्या प्रश्नांत सर्वांत मोठी पळवाट म्हणजे शब्द जुळवणं. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या शेजारचं उत्तर उचलायचं. अर्थ कळायची गरजच नाही. त्यावर उपाय म्हणजे योग्य पर्याय उताऱ्यापेक्षा वेगळ्या शब्दांत आणि चुकीचे पर्याय उताऱ्यातल्याच शब्दांत लिहायचे. आमच्या सूचनेत वाक्य होतं: “द लायब्ररी, विच यूज्ड टू क्लोज ॲट सिक्स, नाऊ स्टेज ओपन टू अवर्स लाँगर ऑन वीकडेज.” प्रश्न: बुधवारी ग्रंथालय किती वाजता बंद होतं? ‘सिक्स’ समोर दिसतंय, ‘टू’ समोर दिसतंय. ‘एट’ कुठेच नाही, पण उत्तर तेच. ‘यूज्ड टू’ आणि ‘लाँगर’ कळले, बुधवार ‘वीकडेज’मध्ये येतो हे कळलं, की काम झालं.

दुसरी पळवाट सामान्यज्ञानाची. मधमाश्या कमी झाल्या तर पिकांवर काय परिणाम होईल, हे उतारा न वाचताही विज्ञानाच्या पुस्तकावरून सांगता येतं. हे पकडण्याची रीत सोपी आहे आणि प्रत्येक पेपर काढणाऱ्याने ती करावीच. उतारा झाकून नुसते प्रश्न चार-पाच सहकाऱ्यांना द्यायचे. तीन पर्यायांचे दहा प्रश्न असतील तर नुसत्या अंदाजाने तीन-चार बरोबर येतात. त्याहून बरेच जास्त आले तर ज्या प्रश्नांवर सगळ्यांचं एकमत झालं, ते काढून टाकायचे. योग्य पर्याय इतरांपेक्षा लांब आणि जपून लिहिलेला असतो, हाही दोष इथेच उघडा पडतो. श्रवणाच्या प्रश्नांवरही हीच कसोटी लावली.

परिच्छेदांना शीर्षकं जुळवायची असतील तर पाच परिच्छेदांना सात शीर्षकं द्यावीत, नाहीतर शेवटचं आपोआप बरोबर येतं. वाक्यांचा क्रम लावण्याचा प्रश्न आम्ही टाळला. त्यात एक वाक्य चुकलं की पुढची सगळी चुकतात आणि गुण कसे द्यायचे हे कोणालाच सुचत नाही.

चाचणीच्या दिवशी श्रवण आधी, वाचन नंतर. वेळापत्रकात घंटा मध्येच वाजणार नाही असा तास निवडावा. दक्षिण कोरियात विद्यापीठ प्रवेशाच्या सुनुंग परीक्षेत इंग्रजी श्रवणाचा भाग चालू असताना देशभरातली विमानांची उड्डाणं आणि उतरणं सुमारे ३५ मिनिटं थांबवतात. आपल्या हातात तेवढं नसलं तरी मैदानावरचा खेळाचा तास हलवणं नक्कीच असतं. मुलं येण्याआधी एकाने शेवटच्या कोपऱ्यातल्या बाकावर बसून, खिडक्या आणि पंखे परीक्षेत असतील तसेच ठेवून, नमुना ऐकावा. स्पीकर जमिनीवर ठेवू नये. बसलेल्या मुलांच्या डोक्यांच्या वर यावा. कमी ऐकू येणाऱ्या मुलांची आधी नोंद घेऊन त्यांना वेगळ्या खोलीत हेडफोन किंवा ओठ दिसतील असं प्रत्यक्ष वाचन द्यावं. फाइलची प्रत दुसऱ्या उपकरणात आणि संहितेची छापील प्रत पाकिटात हवी. मध्येच वीज गेली किंवा मोठा आवाज झाला तर काय करायचं, हे आधीच लेखी ठरलेलं असावं. आमचा नियम होता: बिघडलेला भाग सगळे भाग संपल्यावर त्या वर्गाला पुन्हा पूर्ण ऐकवायचा आणि वहीत नोंद करायची.

गुण लावून झाले की बरेच जण थांबतात, पण पेपर कसा होता हे तिथून पुढे कळतं. समजा ६० मुलं आहेत. एकूण गुणांनुसार रांग लावून वरची २७ टक्के आणि खालची २७ टक्के, म्हणजे १६-१६ मुलं घ्यायची. एखादा प्रश्न वरच्या १३ आणि खालच्या ५ मुलांना आला, तर फरक ८, त्याला १६ ने भागून ०.५०. प्रश्न हुशार आणि कच्च्या मुलांत किती फरक करतो, ते हा आकडा सांगतो. ०.३० च्या वर असेल तर प्रश्न चांगला. ०.२० च्या खाली असेल तर दुरुस्ती हवी. उणे आला, म्हणजे हुशार मुलांपेक्षा कच्च्यांना जास्त जमला, तर आधी उत्तरसूची तपासायची, मग दोन पर्याय बरोबर ठरतात का ते पाहायचं, आणि श्रवणाचा प्रश्न असेल तर फाइलचा तो भाग शेवटच्या बाकावर बसून पुन्हा ऐकायचा.

निकालात श्रवण आणि वाचनाचे गुण कधीही एकत्र करू नयेत. वाचनात १७ आणि श्रवणात ८ मिळवणाऱ्या मुलाला ४० पैकी २५ एवढंच कळलं, तर त्याने नेमकं काय करावं हे त्याच्या शिक्षकालाही सांगता येत नाही. एक-दोन गुणांच्या फरकावरून क्रम लावणंही चुकीचं आहे. एकूण गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) ५ आणि चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा घेतली तर निकाल किती सारखा येईल ते, जास्तीत जास्त १) ०.८४ असेल, तर मोजमापातली चूक साधारण २ गुणांची निघते. म्हणून आम्ही दोन्ही कौशल्यांसाठी गुणांचे तीन-तीन पट्टे, म्हणजे टप्पे, केले आणि मुलाच्या हाती क्रमांकाऐवजी त्याचा पट्टा आणि तक्त्यातल्या कोणत्या प्रकारचे किती प्रश्न आले, हा तपशील दिला. टिकलेले प्रश्न त्यांच्या आकड्यांसह प्रश्नपेढीत गेले, आणि ध्वनिफिती सगळ्या उपकरणांवरून पुसून एकच प्रत कुलपात ठेवली.